रेडिएशन, लाळ आणि सुया : तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराचं प्रकरण

पार्श्वभूमी

आण्णा पंचावन्न वर्षांचे, तासगाव तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) तंबाखू-चुन्याची सवय विशीपासूनची, सोबत जुना दमा. ऑगस्टमध्ये घास गिळताना उजव्या कानात चमक यायला लागली. दाढ दुखतेय असं समजून महिनाभर गोळ्या झाल्या. मानेत गाठ हाताला लागली तेव्हा मुलगा त्यांना मिरजेला घेऊन आला. तुकडा तपासायला गेला आणि निदान झालं : उजव्या टॉन्सिलचा कॅन्सर, जिभेच्या मुळापर्यंत पोचलेला, मानेत उजवीकडे एक गाठ.

डॉक्टरांच्या बैठकीत ऑपरेशनऐवजी रेडिएशन आणि सोबत केमो असं ठरलं. एकूण ७० ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसाचं एकक), ३५ भागांत, म्हणजे शनिवार-रविवार सोडून सात आठवडे रोज; आठवड्यातून एकदा केमोचं औषध, सिस्प्लॅटिन. रोग जिभेच्या मुळाशी असल्यामुळे मानेच्या दोन्ही बाजूंना शेक (रेडिएशनला आमच्याकडे शेकच म्हणतात) द्यावा लागणार होता. डाव्या बाजूला डोस कमी, पण तोही टाळता येण्यासारखा नव्हता.

मी दातांची डॉक्टर. डोक्या-मानेचं रेडिएशन सुरू होण्याआधी रुग्ण माझ्याकडे येतात, तशीच आण्णांची गाठ पडली. त्यांच्या खालच्या तीन दाढा किडून मुळापर्यंत गेलेल्या होत्या. अशा दाढा रेडिएशननंतर काढल्या तर जखम न भरण्याची आणि जबड्याचं हाड मरायची भीती असते. म्हणून त्या आधीच काढायच्या आणि जखम भरायला निदान दहा-चौदा दिवस द्यायचे. शेक घेताना डोकं-मान स्थिर ठेवणारा मास्क, सीटी आणि प्लॅनिंग यांना तेवढे दिवस जातातच, त्यामुळे उपचार लांबणार नव्हते. आण्णांचं मन मात्र बागेत होतं. फळछाटणी तोंडावर आली होती. “छाटणी झाली की येतो, मॅडम,” असं ते दोनदा म्हणाले. शेवटी मुलाने आणि चुलतभावाने छाटणी अंगावर घेतली, तेव्हा कुठे ते खुर्चीत बसले.

अडचण

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. जेवताना सुटणारी पातळ लाळ मुख्यतः कानापुढच्या पॅरोटिड ग्रंथींतून येते. एरवी तोंड ओलं ठेवणारी लाळ बरीचशी जबड्याखालच्या ग्रंथींतून येते. घशाला दोन्ही बाजूंनी शेक द्यायचा म्हणजे या सगळ्या ग्रंथी वाटेत येतात. लाळ पहिल्या एक-दोन आठवड्यांतच घटू लागते. ग्रंथीला किती डोस बसला यावर ती पुढे वर्ष-दोन वर्षांत किती परत येणार ते ठरतं. काहींची जवळजवळ येतच नाही.

“तोंडाला कोरड पडेल” असं सांगितलं की रुग्णाला तहान लागल्यासारखं काहीतरी वाटतं. प्रत्यक्षात भाकरी खाल्लीच जात नाही. रात्री दोन-तीनदा जीभ टाळूला चिकटून जाग येते. लग्नकार्यात चार माणसांत बोलताना शब्द अडखळतात. दात हिरड्यांलगत गोलाकार किडायला लागतात आणि वर्षभरात एकेक तुटून पडतात. कॅन्सर बरा झालेली माणसं या एका त्रासापायी जेवणावरून उठून गेलेली मी पाहिली आहेत. म्हणून लाळ वाचवण्याचा विचार उपचार सुरू व्हायच्या आधीच व्हावा, असं मी अगदी आग्रहाने म्हणते.

सुयांचा विषय आण्णांच्या मुलाने काढला. मोबाइलवर काहीतरी वाचून तो आला होता. “ॲक्युपंक्चर केलं तर तोंड कोरडं पडत नाही म्हणतात. खरं आहे का? का उगाच पैसे घालवायचे?” प्रश्न चांगला होता. त्याला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देता येत नव्हतं.

त्याच आठवड्यात एका पाहुण्याने “शेक घेऊच नका, सुयांवरच गाठ बसवणारा माणूस आहे” असंही सुचवलं. त्यावर रेडिएशनच्या डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं, की सुयांनी कॅन्सर जात नाही, आणि तसं सांगणाऱ्याच्या दारात पाऊलसुद्धा टाकू नका. तो विषय तिथेच मिटला.

समोर असलेले पर्याय

पहिला आणि सगळ्यात वजनदार पर्याय मशीनच्या प्लॅनमध्येच होता. आयएमआरटी पद्धतीत किरणांची तीव्रता कोपऱ्याकोपऱ्याला बदलता येते आणि पॅरोटिडवरचा डोस उतरवता येतो. ब्रिटनमध्ये ९४ रुग्णांवर झालेल्या पार्स्पोर्ट चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या पद्धतीने शेक घेतलेल्यांपैकी ७४ टक्के लोकांना वर्षानंतर बऱ्यापैकी किंवा जास्त कोरड होती. पॅरोटिड वाचवणाऱ्या आयएमआरटीत तेच प्रमाण ३८ टक्के होतं. इथल्या पर्यायांपैकी एवढा फरक दुसरा कुठलाही पाडत नाही.

दुसरा पर्याय पायलोकार्पिनच्या गोळ्यांचा. त्यांनी लाळ सुटते, पण घाम फुटतो आणि श्वासनळ्या आवळू शकतात. पंप वापरणाऱ्या दमेकऱ्याला त्या द्यायला छातीच्या डॉक्टरांनी नकार दिला. शिवाय कोरड आधीच रोखण्यासाठी त्यांचा उपयोग पुरेसा सिद्ध झालेला नाही.

तिसरा, लाळग्रंथींना किरणांपासून जपण्यासाठीचं अमिफॉस्टिनचं इंजेक्शन. रोज शेक घेण्याआधी शिरेतून द्यायचं, रक्तदाब उतरतो, उलट्या होतात, खर्च मोठा. केमो चालू असलेल्या माणसाला हे नको, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

चौथा म्हणजे सुया.

सगळ्यात जास्त वेळ या चौथ्यावर गेला, कारण इथे कुटुंबाला खरं काय ते सांगायचं होतं. ह्यूस्टन आणि शांघाय इथल्या दोन कॅन्सर केंद्रांनी मिळून केलेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ३९९ रुग्णांचे तीन गट पाडले होते : खरं ॲक्युपंक्चर, नुसता देखावा असलेलं खोटं ॲक्युपंक्चर, आणि फक्त नेहमीची काळजी. रेडिएशनचे सहा-सात आठवडे, आठवड्यातून तीनदा सुया. कोरडेपणाच्या प्रश्नावलीत शंभरपैकी जितके गुण जास्त तितका त्रास जास्त. वर्षानंतर खऱ्या सुयांच्या गटाची सरासरी २६.६ होती, खोट्या सुयांची ३१.३ आणि नेहमीच्या काळजीची ३४.८. लक्षात येण्याइतकी कोरड राहिलेल्यांचं प्रमाण अनुक्रमे सुमारे ३५, ४८ आणि ५५ टक्के.

आकडे चांगले आहेत, पण त्यांच्या पोटात दोन गोष्टी आहेत आणि त्या मी मुलासमोर तशाच ठेवल्या. खऱ्या आणि खोट्या सुयांमधला फरक सगळे रुग्ण एकत्र धरले तर संख्याशास्त्राच्या कसोटीवर पुरता उतरला नाही. शांघायमध्ये खोट्या सुयांचा फारसा उपयोग दिसला नाही. ह्यूस्टनमध्ये मात्र खोट्या सुयांनीही बराच फायदा झाल्याचं रुग्णांनी सांगितलं. दुसरी गोष्ट अशी, की चाचणीचं मुख्य मोजमाप होतं रुग्णाला काय जाणवतं ते. तोंडात किती लाळ सुटते ते नव्हे. माझ्या दृष्टीने जाणवणं कमी महत्त्वाचं नाही, जेवायचं रुग्णालाच असतं. पण दात किडणं प्रत्यक्ष लाळेवर अवलंबून आहे. त्यामुळे “सुया घेतल्यात, आता (दात किडू नयेत म्हणून लावायचं) फ्लोराइड नको” असं कुणी म्हणू लागलं तर ते घातक ठरेल.

२०२१ मध्ये अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने सहयोगी संस्थांसोबत जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांतही हेच तारतम्य दिसतं. रेडिएशन चालू असताना कोरडीचा धोका कमी करायला ॲक्युपंक्चर देता येईल, पण शिफारस सौम्य, पुरावा मध्यम दर्जाचा. लाळग्रंथी वाचवणारं रेडिएशन मात्र ठामपणे सांगितलेलं आहे.

निर्णयाचे टप्पे

पहिला निर्णय प्लॅनचा. पहिल्या आराखड्यात डाव्या पॅरोटिडला सरासरी २९ ग्रे बसत होते. उजवी बाजू रोगाला इतकी लागून होती की तिथे हात लावणं धोक्याचं होतं. पण डावी ग्रंथी वाचवण्याजोगी होती. निदान एक पॅरोटिड २६ ग्रेच्या आत ठेवायची, हा बराच जुना आणि कामाचा दंडक आहे. रेडिएशनच्या डॉक्टरांनी आणि फिजिसिस्टने बसून पुन्हा प्लॅन केला, गाठींचा भाग तसूभरही न सोडता डावी ग्रंथी २४ वर आणली. त्यात एक दिवस गेला. या सगळ्या प्रकरणात आण्णांच्या लाळेसाठी सर्वांत मोठं काम त्या दिवशी संगणकासमोर झालं असं माझं मत आहे, आणि ते आण्णांना दिसलंही नाही.

दुसरा निर्णय : सुया घ्यायच्या का, आणि कुठे? सरकारी योजनेत रेडिएशन आणि केमो बसत होतं, ॲक्युपंक्चर बसत नव्हतं. एका बैठकीची फी शेतमजुराच्या रोजापेक्षा कमी नव्हती. आण्णा म्हणाले, “मॅडम, तुमच्या वडलांना झालं असतं तर काय केलं असतं?” मी सांगितलं : परवडत असेल, रोजच्या शेकाला धक्का लागणार नसेल आणि नीट माणूस मिळत असेल तर केलं असतं, कर्ज काढून केलं नसतं. मुलाने रात्रभर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी “करूया” म्हणाला.

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा वेगळा कायदा आहे आणि त्यानुसार नोंदणी लागते. सांगलीच्या विश्रामबागेत असा नोंदणी असलेला एक व्यावसायिक मिळाला. आण्णांचा मुक्काम बहिणीकडे तिथेच होता, त्यामुळे मिरजेहून परतताना वाटेवरच काम होणार होतं. तासगावहून रोज जा-ये करावी लागली असती तर आम्ही नकोच म्हटलं असतं.

रेडिएशनच्या डॉक्टरांनी त्या व्यावसायिकाला पत्र दिलं. त्यातल्या अटी अशा : सुया निर्जंतुक, एकदाच वापरायच्या, पाकीट रुग्णासमोर फोडायचं. मानेवर, गाठीवर किंवा शेक बसलेल्या कातडीवर सुई नाही. दर आठवड्याचा रक्ताचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय सुई नाही. पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट ठरवलेल्या पातळीखाली गेल्या की थांबायचं. पोटात घ्यायचं चूर्ण, काढा काही द्यायचं नाही. आणि शेकाची वेळ कधीही हलवायची नाही. त्या व्यावसायिकाचा आधी मानेवर विजेचं यंत्र लावायचा विचार होता. पत्र वाचल्यावर तो त्यांनी स्वतःच सोडला, याचं मला बरं वाटलं.

उपचाराचे सात आठवडे

सोमवार, बुधवार, शुक्रवार सुया, मंगळवारी केमो. जागा त्या मोठ्या चाचणीतल्यासारख्याच : दोन्ही कानांच्या पाळीवर काही बिंदू, मनगटाच्या वर अंगठ्याच्या बाजूला एक, पायाच्या घोट्याखाली आतल्या अंगाला एक, आणि हनुवटीच्या खळीत एक. मी एकदा मुद्दाम पाहायला गेले. कानातल्या सुया एवढ्या लहान, की दोन हातांवरून दिसतसुद्धा नव्हत्या. आण्णा डोळे मिटून पडले होते. वीसेक मिनिटांनी सुया काढल्या, मोजल्या आणि डब्यात टाकल्या. हे मोजणं मला महत्त्वाचं वाटलं. केमोतल्या माणसाच्या कानात विसरलेली सुई फार महाग पडते.

पहिले तीन आठवडे बरे गेले. चौथ्यात तोंड सोलवटलं. “घास नुसता तोंडात फिरतोय, खाली उतरंना,” काकू, म्हणजे आण्णांच्या पत्नी, सांगायच्या. मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या दर दोन तासांनी, झोंबणारी औषधी माऊथवॉश बंद, ताकात कालवलेला मऊ भात, मुगाचं कढण. तरी वजन उतरत गेलं आणि पाचव्या आठवड्यात नाकातून नळी घालावी लागली. सुयांनी या सोलवटण्यावर किंवा दुखण्यावर काही फरक पाडल्याचं आम्हाला दिसलं नाही, आणि तसं कुणी कबूलही केलं नव्हतं.

त्याच आठवड्यात पांढऱ्या पेशी घसरल्या. अटीप्रमाणे सुया आठवडाभर बंद. आण्णांना ते पटेना. आता सोडलं तर आधीचं सगळं वाया जाईल असं त्यांना वाटायचं. डॉक्टरांनी समजावलं, की पेशी कमी असताना संसर्ग झाला तर शेकच थांबेल, आणि शेक थांबला तर रोगाला मोकळं रान मिळेल. सहाव्या आठवड्यात पेशी वर आल्या आणि सुया पुन्हा सुरू झाल्या, मात्र हनुवटीचा बिंदू गाळून. तिथली कातडी लाल होऊन सुटायला लागली होती.

दिवाळी मधेच आली. मशीन दोन दिवस बंद असणार होतं, ते दिवस भरून काढण्याचं वेळापत्रक विभागाने आधीच लावून ठेवलं होतं. पाडव्याला गावी जायचा आण्णांचा हट्ट होता. सुयांची बैठक सोडून ते जाऊन आले, शेक एकही चुकवला नाही. अगदी असंच व्हायला हवं होतं.

निष्पत्ती

शेवटचा शेक झाला तेव्हा त्याच कोरडेपणाच्या प्रश्नावलीत आण्णांचे ६८ गुण होते. तीन महिन्यांनी ५२. वर्षाने ३२. नळी रेडिएशन संपल्यावर काही आठवड्यांत निघाली. वर्षाच्या तपासणीत रोगाची खूण नव्हती, तंबाखू सुटलेली होती, दात शाबूत होते.

प्रश्नावलीत भाकरीचं नाव नाही, म्हणून आमच्याकडे आम्ही एक साधी गोष्ट विचारतो : भाकरी कशी खाता? तीन महिन्यांनी आण्णा ती खातच नव्हते. सहा महिन्यांनी आमटीत पार कुस्करून. वर्षाने दुधात किंवा कालवणात बुडवून, पाण्याचा पेला शेजारी ठेवून, एक अख्खी. हुरडा, शेंगदाणे, कोरडी चटणी अजून बंद. रात्री एकदा पाण्यासाठी उठणं आहे.

हे सुयांमुळे झालं का? आण्णा हो म्हणतात. काकू म्हणतात, नळी निघाल्यापासून घरी जे सांभाळलं त्यामुळे. मला विचाराल तर एका रुग्णावरून हे सांगता येत नाही. ३२ हा आकडा त्या चाचणीतल्या सुयांच्या गटाच्या आणि नुसत्या काळजीच्या गटाच्या सरासरीच्या मधे कुठेतरी पडतो, म्हणजे तो दोन्ही बाजूंना ओढता येतो. डावी पॅरोटिड २४ ग्रेवर आणली गेली होती, आणि सुधारणेतला मोठा वाटा तिचा असावा असं मी धरते. विश्रांतीतली लाळ, जी आम्ही पाच मिनिटं डोकं पुढे झुकवून खुणा असलेल्या नळीत गोळा करतो, वर्षाने मिनिटाला ०.१४ मिलि भरली. ०.१ च्या खाली गेली की ती फारच कमी समजतात. आण्णांची त्या काठाच्या थोडी वर आहे.

पुन्हा असा रुग्ण आला तर

सुयांची चर्चा मास्क बनल्यानंतर, घाईत झाली. ती पहिल्याच भेटीत, दाढा काढायच्या बोलण्याबरोबर व्हायला हवी. शोधाशोध, नोंदणीची खात्री, पत्र, खर्चाचा हिशेब या सगळ्याला वेळ लागतो, आणि सुया पहिल्या शेकापासून सुरू व्हाव्यात अशीच ती पद्धत तपासली गेली आहे.

रेडिएशनआधी फक्त विश्रांतीतली लाळ मोजली गेली होती, चघळल्यावर सुटणारी नव्हती. पॅरोटिड वाचवण्याचं फळ मुख्यतः दुसऱ्या मोजमापात दिसतं. आता दोन्ही मोजमापं आधीच घेतली जातात, आणि मेणाचा तुकडा चघळायला देण्याचं काम नर्सनेच अंगावर घेतलं आहे.

गिळण्याचे आणि तोंड उघडण्याचे व्यायाम आण्णांना नळी घातल्यावर शिकवले गेले. ते पहिल्या आठवड्यापासून हवेत. तोंड दुखायला लागल्यावर नवीन काही शिकायची कुणाची तयारी नसते.

सुयांची सोय रेडिएशन विभागातच, शेक झाल्यावर शेजारच्या खोलीत झाली तर जास्त बरं. थकलेल्या माणसाला आणखी एक जिना चढायला लावणं चुकीचं आहे. रक्ताचे रिपोर्टही तिथेच डोळ्यांसमोर असतील.

आण्णांनी वर्षानंतर पुन्हा सुया सुरू करू का, असं विचारलं आहे. जुनी कोरड असलेल्या २५८ रुग्णांवरचा अमेरिकेतला अभ्यास २०२४ मध्ये आला. त्यात खऱ्या सुया नुसत्या तोंडाच्या निगेपेक्षा सरस ठरल्या. त्यामुळे चार आठवडे करून पाहायला हरकत नाही असं त्यांना सांगितलं आहे. फरक जाणवला नाही तर थांबायचं. फ्लोराइड जेलचे साचे मात्र रोज रात्री, कायमचे.

आण्णांना बाग होती, बहिणीचं घर वाटेवर होतं, मुलगा सोबत होता. पुढच्याच महिन्यात जतकडचा एक ऊसतोड मजूर याच आजाराने आला, तेव्हा त्याच्या बायकोने सुयांचं विचारलं. त्यांच्याजवळचे पैसे आम्ही एसटीच्या भाड्याला, अंडी-दुधाला आणि फ्लोराइडला ठेवायला सांगितले, आणि त्याचा प्लॅन दोनदा करून घेतला.